पिवळ्या चौकटींचा भाद्रपद

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या नागपुरात मारबत निघते. कागद-बांबूच्या त्या अजस्र बायका, एक काळी, एक पिवळी, गल्लीबोळांतून फिरतात आणि गर्दी ओरडत असते, रोगराई घेऊन जा गे मारबत. आमच्याकडे, मनीषनगरच्याही पलीकडे, तो आवाज पोचत नाही. इथे लेआउटमधली, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतली, पोरं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत दारोदार हिंडतात, दाराशी पळसाच्या फांद्या टेकवलेल्या असतात आणि मोठी माणसं मिरवणूक फोनवर पाहतात. यंदा मीही पाहत होते. पिवळी मारबत चौकात वळली, कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ गेला, आणि मी फोन पालथा ठेवून दिला.

भाद्रपदातला आमच्याकडचा उकाडा उन्हाळ्याहून वाईट. मे महिन्यात ऊन निदान समोरून अंगावर येतं. भाद्रपदात ते जमिनीतून वर येतं. पावसाने उघडीप दिलेली असते, रिकाम्या प्लॉटांवर कंबरभर गवत माजलेलं असतं, त्याच्या बुडाशी पाणी, पाण्यावर चिलटं. कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. कूलर लावला तर घर आणखी चिकट होतं. लेआउटच्या कडेने जो नाला वाहतो, तो या दिवसांत वाहतच नाही. पडून राहतो. वारा फिरला की त्याचा वास जेवणाच्या ताटापर्यंत येतो, आणि आम्ही बोलता बोलता खिडकी लावून घेतो. ज्या वर्षाचं मी सांगते आहे, त्या वर्षीही आम्ही एवढंच केलं. खिडकी लावून घेतली.

मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. वर्ग बंद होऊन शिकवणं मोबाइलवर आलं होतं, तेव्हा आकृत्या काढायचं एक सॉफ्टवेअर मला सापडलं. फुकटचं. ब्राउझरमध्ये उघडतं, नाव-पत्ता विचारत नाही. चौकटी मांडायच्या आणि त्या बाणांनी जोडायच्या, इतकंच त्याचं काम. पण चौकट सरकवली की बाण तिच्यामागे ताणला जातो, सुटत नाही. चौकट पुसली तर बाण मागे लोंबकळत राहतो, कुणाकडे जायचं होतं ते विसरल्यासारखा. आणि कागद संपत नाही. कडेला जाऊन काही ठेवलं की शेजारी नवं पान आपोआप उघडतं. रक्ताभिसरण, पचनसंस्था, अन्नसाखळी, असं करत करत मला त्याचं वेड लागलं. गणपतीच्या तयारीची आकृती काढली, दिवाळीच्या फराळाची काढली. माझा नवरा विलास मागून येऊन बघायचा आणि म्हणायचा की आता आपल्या भांडणाचीही काढून ठेव, म्हणजे दर वेळी पहिल्यापासून सुरू करावं लागणार नाही.

घर दुमजली. खाली आम्ही दोघं, वर माझा दीर नितीन आणि जाऊ सोनल. मूळचे हे उमरेडचे विणकर, पण हातमाग सासऱ्यांबरोबरच थांबला. विलास बँकेत लागला, नितीन कळमन्याच्या बाजारात धान्याच्या अडतीवर, पहाटे निघणारा. त्या पोळ्याला सोनलला सातवा लागला होता. डॉक्टरीणबाईंनी तिला जिने चढ-उतर कमी करायला सांगितलं होतं, म्हणून ती दिवसभर वरच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायची आणि संध्याकाळी एकदाच खाली यायची, माझ्या लॅपटॉपशेजारी. तिला रंग निवडायला आवडायचं. चौकटी मी काढायच्या, रंग तिने भरायचे.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "ताई, माह्या पोटातलं काढून दाखवा नं."

मी काढलं. एक मोठी चौकट आईची, एक छोटी बाळाची, मध्ये दोघांना जोडणारी वार. आईकडून बाळाकडे जाणारे बाण, प्राणवायू, अन्न, पाणी. बाळाकडून परत येणारा एक. सोनलने बाळाच्या चौकटीला संत्र्याचा रंग दिला, मग बराच वेळ मधल्या वारेकडे पाहत राहिली.

"अन् काही वाईट आलं तं? ते मधातच अडते नं?"

काही अडतं, काही अडत नाही, असं मी शिक्षिकेच्या आवाजात सांगितलं. तेव्हा ते फक्त खरं होतं. त्यात भीती नव्हती.

त्याच सुमारास मी अकरावीच्या मुलांना प्रकल्प दिला होता. आपल्या घरातली कुठलीही एक व्यवस्था याच सॉफ्टवेअरमध्ये काढून आणा. कुणी वीज काढली, कुणी कचरा. पलक नावाची मुलगी आमच्याच लेआउटमध्ये राहायची, तिने पाणी काढलं होतं. लाइन, तिच्यातून पाणी ओढायला जोडलेला टुल्लू पंप, जमिनीतली टाकी, गच्चीवरची टाकी, स्वयंपाकघर, आणि शेवटी घरातली चार माणसं. चार चौकटींपैकी एक पिवळी होती. मी विचारलं की ही वेगळी का. पपांना कावीळ झाली आहे, तिने सांगितलं. शेजारच्या काकूंनाही आहे. समोरच्या घरातल्या दादालाही. बाहेर पाऊस आहे, असं सांगावं तसं तिने ते सांगितलं.

आजार गावात येतो तेव्हा आधी त्याला चेहरा शोधला जातो. आमच्या लेआउटने तो लगेच शोधला. कोपऱ्यावर संध्याकाळी पाणीपुरीचा ठेला लागायचा. चार जणांनी जाऊन त्या माणसाला सांगितलं की उद्यापासून इथे दिसायचं नाही. तो वाद घालायला उभा राहिला नाही. हंडा ओतून दिला, पुऱ्यांच्या काचेवर कापड टाकलं आणि ठेला ढकलत निघून गेला. लोकांना बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात आणखी तीन घरांत कावीळ निघाली.

तेव्हा मी पलकची आकृती घेतली आणि ती वाढवायला बसले. पलकने आणि तिच्या मैत्रिणींनी शेजारपाजारच्या घरांत विचारून आपापले तुकडे आणून दिले आणि मी ते जोडत गेले. पाण्याची लाइन लेआउट पाडणाऱ्याने टाकलेली, तिचा नकाशा कुणाकडेच नव्हता. म्हातारी माणसं आठवून सांगत की इथून खोदली होती, तिथून वळवली होती. पान उजवीकडे वाढत गेलं, मग खाली. जिथे आजारी माणूस तिथे पिवळी चौकट. आरोग्याबद्दल विचारायला गेलं की लोक दार अर्धंच उघडत. एका बाईने आत झोपलेल्या मुलाकडे पाठ करून मला सांगितलं की आमच्याकडे सगळे ठीक आहेत, आणि मागून त्या मुलाच्या ओकारीचा आवाज आला.

रविवारी दुपारी शेवटचा तुकडा जोडला आणि पान लहान करून सगळं एका नजरेत घेतलं. पाण्याला दोन फाटे होते. एक मोठ्या रस्त्याच्या कडेने जाणारा. त्याच्यावर एकही पिवळी चौकट नव्हती. दुसरा जुना, पुलियाच्या, म्हणजे नाल्यावरच्या छोट्या पुलाच्या, खालून नाला ओलांडून येणारा. सगळा पिवळा रंग त्याच्यावर होता, फांदीला फळं लागावीत तसा. पलकचं घर त्यावर होतं. ठेलेवाला ज्या घरून पाणी भरायचा ते घरही त्यावरच होतं.

तोवर मी आमचं घर काढलं नव्हतं. नकाशा काढणाऱ्याला आपण त्याच्या बाहेर उभे आहोत असं वाटतं. मी एक कोरी चौकट घेतली, 'आपण' असं लिहिलं आणि ती आमच्या जागी आणून सोडली. पलकच्या घरापासून चौथी. बाण जवळ आला आणि आपोआप चिकटला.

आमच्याकडे फिल्टर होता. पण सोनलला त्याचं पाणी फिकं लागायचं. गर्मीने तिचा जीव घाबरायचा, म्हणून नितीनने तिला वर माठ आणून दिला होता. त्यात वाळा टाकून ती नळाचं पाणी भरायची आणि दिवसभर तेच प्यायची. मी जिना चढून वर गेले, माठ उचलला आणि गॅलरीतून खाली गवतात ओतला. सोनल खुर्चीतून उठली. काय झालं, तिने विचारलं. मी म्हटलं की पाणी खराब आहे, आता उकळलेलंच प्यायचं. एवढं पुरेसं होतं असं मला वाटलं. पण ती माझ्यामागे हळूहळू जिना उतरून खाली आली आणि लॅपटॉपसमोर उभी राहिली. रंग तिनेच निवडून दिलेले. तिने बोट पुलियावर ठेवलं, फाट्यावरून ओढत चौकटीमागून चौकट पार करत आमच्या घरापर्यंत आणलं. मग ते बोट स्क्रीनवरून उचलून आपल्या पोटावर ठेवलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. रक्त ठीक होतं. पण त्यांनी समोर बसवून समजावलं की पाण्यातून येणारी ही कावीळ इतरांना चार-सहा आठवडे झोपवते आणि सोडून देते. गरोदर बाईच्या बाबतीत, त्यातून शेवटच्या महिन्यांत, ती जिवावर उठू शकते. आणि पोटात गेल्यावर दिसायला कधी कधी दीड-दोन महिने लागतात. आज ठीक आहे याचा अर्थ फक्त आज ठीक आहे. नितीनने विचारलं की काही औषध, काही इंजेक्शन. त्या म्हणाल्या की थांबायचं, आणि डोळे पाहत राहायचं.

त्याच संध्याकाळी विलास आणि मी ती आकृती फोनवर घेऊन लेआउटच्या अध्यक्षांकडे गेलो. निवृत्त गृहस्थ, वागायला सभ्य. त्यांनी चष्मा लावून ती नीट पाहिली.

"मॅडम, चित्र छान आहे तुमचं," ते म्हणाले. "पण ग्रुपवर टाकू नका. आपल्या लेआउटचं नाव एकदा खराब झालं तं कोणी फिरकत नाही इकडे. आपण पाहू नं शांततेनं."

मी काही बोलायच्या आत विलासने माझ्या हातातून फोन घेतला. हा माणूस बँकेतही आवाज चढवत नाही. "काका, माह्या घरात पोटुशी बाई आहे," तो म्हणाला. "मी टाकून राहिलो." आणि त्यांच्यासमोरच त्याने ती आकृती सगळ्यांना पाठवली.

दुसऱ्या दिवशी पुलियाजवळ खोदलं. प्लंबर कमरेपर्यंत चिखलात उतरला. आम्ही काठावर उभे होतो, अध्यक्षही होते, नाकाला रुमाल लावून. पाइप नाल्याच्या पोटातूनच आणलेला होता, आणि त्याचा जोड निसटून बोटभर फट पडली होती. खड्ड्यात काळं पाणी भरत होतं. तेवढ्यात कुठल्यातरी घरात कुणीतरी टुल्लू सुरू केला असावा. खड्ड्यातलं पाणी हललं, गोल फिरायला लागलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत घोट घ्यावा तसं त्या फटीत शिरलं. मी सगळे बाण लाइनकडून घराकडे काढले होते. ते दिशेने बरोबर होते, अर्थाने नव्हते. पाणी आमच्याकडे येत नव्हतं. आम्ही त्याला ओढत होतो, जास्त जोराचा पंप लावून, शेजाऱ्याच्या आधी. घरोघरी टुल्लू होता. आमच्याकडेही.

जोड बदलला, टाक्या धुतल्या, औषध टाकलं. घरोघरी पातेल्यांत पाणी उकळायला लागलं. नव्या चौकटी पिवळ्या होणं कमी झालं. लोक म्हणाले की संपलं. आमच्या घरात मात्र तेव्हाच सुरू झालं होतं. रोज सकाळी सोनल खाली यायची, दारातल्या उजेडात उभी राहायची आणि मी तिच्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या बोटाने ओढून पाहायचे. पांढरं आहे ना, ती विचारायची. पांढरं आहे, मी म्हणायचे. गणपती गेले, नवरात्र आलं, गेलं. ढोल वाजत असताना मी तिच्या डोळ्यांतला पांढरा रंग पाहत होते आणि मला खात्री होत नव्हती. उकाड्यात कधी कधी सगळंच पिवळट दिसायचं, भिंत, दूध, माझ्या हाताची नखं.

सोनलला गॅलरीत बसून लेआउट पाठ झालं होतं. एका दुपारी ती माझ्या आकृतीवर वाकली आणि एका करड्या चौकटीवर थांबली. त्यावर 'बंद' असं लिहिलेलं होतं. मालक पुण्याला, घराला कुलूप, असं सगळ्यांनीच सांगितलं होतं.

"ताई, हे घर बंद नाही," ती म्हणाली. "मागं लुगडं वाळत राहते. मले वरून दिसते. अन् आता कितीक दिवसांपासून वाळलं नाही."

मी गेले. समोर कुलूप होतं. बाजूच्या गवतातून मागे गेलं की टिनाची एक खोली होती, मालकाने राखणीसाठी ठेवलेल्या जोडप्याची. मध्य प्रदेशातल्या बालाघाटकडची माणसं. नवरा सुकलाल, गवंड्याच्या हाताखाली कामावर गेलेला. बायको फुलवंती आत पोत्यावर पडलेली होती. ग्रुपवर ते नव्हते, लेआउटच्या सभांना नव्हते, कुणाच्याच आकृतीत नव्हते. पाणी मात्र बंद घराच्या पुढच्या नळातून भरत होते, त्याच फाट्यावरच्या. ती उठायला लागली तेव्हा मला तिचं पोट दिसलं. आठवा असेल, नववाही. दीदी, बस थकान है, ती म्हणाली. तिला दाराकडे वळवून मी तिची पापणी ओढली. मला ओढायची गरज नव्हती.

विलासने गाडी काढली. सोनल हट्ट धरून बसली की मीही येते. मी नाही म्हटलं, तेव्हा ती वर गेली आणि आपल्या बाळंतपणासाठी भरून ठेवलेली पिशवी घेऊन खाली आली. मऊ लुगड्याचे तुकडे, झबली, टोपडी, सगळं धुऊन घडी घातलेलं. ती पिशवी तिने गाडीत फुलवंतीच्या मांडीवर ठेवली. फुलवंतीने तिच्याकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं आणि पिशवीवर दोन्ही हात ठेवले. सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत ती मध्येच काहीतरी असंबद्ध बोलायला लागली होती. कुणाला तरी हाका मारत होती, शेळ्या आत घ्या म्हणून.

फुलवंती वाचली नाही. तिच्या पोटातलं बाळही नाही.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडला, ती करडी चौकट निवडली आणि 'बंद' हा शब्द पुसला. तिथे सुकलाल लिहिलं, फुलवंती लिहिलं. तिसरं नाव अजून ठेवलेलं नव्हतं. चौकटीला रंग द्यायचा राहिला, तो अजून राहिलेला आहे.

सोनल दिवाळीनंतर बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. डोळ्यांतला पांढरा रंग शेवटपर्यंत पांढरा राहिला. का, ते मी सांगू शकत नाही. तोच माठ, तोच नळ. नितीन म्हणतो देवाची कृपा. मी जीवशास्त्र शिकवते, मला त्याच्याशी वाद घालावासा वाटत नाही, आणि मान हलवावीशीही वाटत नाही. कारण कृपा असेल तर ती मधलं फुलवंतीचं घर वगळून पुढे कशी आली, हे मला कुठल्याच बाणाने दाखवता येत नाही.

नाल्याच्या पलीकडे आता नवं लेआउट पडतं आहे. रंगीत झेंडे, कमान, रस्त्यांच्या आखणीचा चुना. परवा मी त्या बाजूला चालत गेले. टिनाच्या खोल्या उभ्या राहिल्या आहेत, बाहेर लुगडी वाळत आहेत. एका बाईला मी विचारलं की पाणी कुठून येतं. तिने हात करून दाखवलं. निळा पाइप गवतातून नाल्याकडे उतरत गेला होता आणि पुढे दिसत नव्हता. मी उतरून पाहायचा प्रयत्न केला. काठ निसरडा होता, वास तोच होता.

फुलवंती गेल्यावर काही दिवसांनी सुकलाल आमच्या दारात आला होता. पिशवी परत द्यायला. झबली-टोपडी तशीच घडी केलेली होती, फक्त लुगड्याचे तुकडे नव्हते. तो गावी परत चालला होता. मी त्याला बसायला सांगितलं आणि आत जाऊन पाणी आणलं, कुणीही दारी आलं की आणतो तसं. त्याने पेला हातात घेतला आणि प्यायला नाही. पाण्याकडे पाहत राहिला. जिन्यावर पावलं वाजली. सोनल नववा महिना सांभाळत एकेक पायरी उतरत होती. त्याला पाहून ती मधल्याच पायरीवर थांबली. सुकलालने तिच्याकडे मान वर करून पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाभी को भी यही पिलाते हो न?"

मी म्हटलं, हो, हेच.

मग त्याने पेला तोंडाला लावला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.